नवे टायर, तरीही स्टेअरिंग का थरथरते?

प्रश्न : महिन्यापूर्वी मी माझ्या स्कोडा ऑक्टेव्हियाचे चारही टायर बदलले. माप पूर्वीचेच, म्हणजे २२५/४५ आर १७ ठेवले. मात्र या वेळी जास्त वेगासाठी बनवलेले, चांगल्या पकडीचे महाग परफॉर्मन्स टायर घेतले. दुकानात पाऊण तासात चारही टायर चढवून, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून गाडी ताब्यात मिळाली. शहरात ती उत्तम चालते. पण सिन्नरजवळून समृद्धी महामार्गावर चढून ताशी ९० च्या पुढे गेलो की स्टेअरिंग थरथरू लागते, १०५-११० ला ही थरथर सर्वांत जास्त असते आणि त्याहून पुढे थोडी कमी होते. दोनदा परत जाऊन बॅलन्सिंग करून घेतले आणि दोन्ही वेळा मशीनवर शून्य आले. तिसऱ्यांदा अलाइनमेंटही पुन्हा केली, पण फरक पडला नाही. ‘टायर नवे आहेत, हजारेक किलोमीटरमध्ये बसतील,’ असे दुकानात सांगतात. दोन ॲलॉय रिमच्या कडांना ओरखडेही पडले आहेत. टायरच सदोष आहेत असे समजावे काय? — एक वाचक, नाशिक

उत्तर : टायर सदोष असण्याची शक्यता यादीत शेवटी ठेवा. तुमच्या पत्रातले वर्णन इतके नेमके आहे की दोष कुठे शोधायचा हे त्यातूनच बरेचसे कळते.

आधी दोन गैरसमज बाजूला करू. थरथर आपोआप ‘बसत’ नाही. नव्या टायरच्या पृष्ठभागावर कारखान्यातील साच्याचा किंचित बुळबुळीत थर राहिलेला असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर वळणावर आणि ब्रेक लावताना बेताने चालवावे, हे खरे आहे. परंतु ती गोष्ट पकडीची आहे, थरथरीची नाही. दुसरे म्हणजे, अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन जुळवले जातात. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एका कडेने झिजतो. ठराविक वेगाला सुरू होऊन पुढे ओसरणारी थरथर अलाइनमेंटने जात नाही, कारण तिचे मूळ चाकाच्या फिरण्यातच असते.

हे मूळ किती छोटे असू शकते, ते आकड्यांत पाहू. तुमच्या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर आहे, त्यामुळे ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ १४ फेऱ्या घेते. रिमच्या कडेला फक्त १० ग्रॅम वजन एका बाजूस जास्त असेल, तर या वेगाला ते सुमारे १.७ किलो वजनाएवढ्या जोराने चाकाला बाहेर खेचते, आणि तेही सेकंदाला १४ वेळा, प्रत्येक वेळी दिशा बदलत. समृद्धीवर कारसाठी असलेल्या ताशी १२० च्या मर्यादेला हाच जोर २.४ किलोपर्यंत जातो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मग ११० च्या पुढे थरथर कमी का व्हावी? चाक आणि सस्पेन्शन यांची मिळून स्वतःची एक डोलण्याची गती असते, साधारणपणे सेकंदाला १० ते १५ वेळा. चाकाच्या फेऱ्या तिच्याशी जुळल्या की छोटा धक्काही मोठा होऊन स्टेअरिंगपर्यंत पोहोचतो. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला हलका झोकाही त्याला उंच नेतो, तसेच. फेऱ्या आणखी वाढल्या की ही जुळणी सुटते. तुमचा ९० ते ११० हा पट्टा नेमका तिथेच येतो. थरथर सीटमध्ये नसून स्टेअरिंगमध्ये आहे, म्हणजे मुख्य संशय पुढच्या दोन चाकांवर घ्यावा. ती फक्त ब्रेक लावल्यावर येत असती, तर मी आधी ब्रेकची डिस्क तपासायला सांगितले असते.

आता त्या शून्याविषयी. मशीन खोटे बोलत नाही, पण ते स्वतःच्या दांड्याच्या अक्षाभोवती चाक तोलते. तुमच्या गाडीच्या हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाच्या, अक्षाभोवती नव्हे. चाक दांड्यावर बरोबर मधोमध बसले असेल, तरच ते शून्य गाडीवरही शून्य राहते. मशीनचा कोन, म्हणजे रिमच्या भोकात शिरून चाक मधोमध धरणारा शंकूसारखा तुकडा, झिजलेला असेल, रिमच्या मधल्या भोकाच्या कडेला गंज किंवा माती असेल, कोन चुकीच्या बाजूने लावला असेल किंवा चाक तिरके असतानाच नट आवळला असेल, तर मशीन त्या सरकलेल्या स्थितीतले चाक काटेकोरपणे तोलते आणि गाडीवर चढल्यावर तेच चाक पुन्हा असमतोल होते. पुन्हा पुन्हा शून्य येऊनही थरथर न जाण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

याची खात्री करण्याची चाचणी दोन मिनिटांची आहे, आणि ती प्रत्येक ग्राहकाने मागावी असे मला मनापासून वाटते. चाक तोलून शून्य आले की नट सैल करायचा, दांडा न हलवता चाक अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, फिरवायचे, पुन्हा आवळायचे आणि मशीन परत चालवायचे. चाक मधोमध बसले असेल तर आकडा शून्याजवळच राहील. ५ ग्रॅमचा फरक चालेल. १० ग्रॅमच्या पुढे गेला तर दोष टायरचा नसून बसवण्याचा आहे आणि आधीचे सगळे बॅलन्सिंग रद्द समजावे. माझ्या स्वतःच्या गाडीच्या बाबतीत तीन ठिकाणी फिरून आल्यावर चौथ्या ठिकाणच्या एका वयस्कर कारागिराने न सांगता ही चाचणी करून दाखवली होती. आधीच्या शून्याच्या जागी ३० ग्रॅम आले. त्याने कोन बदलला, भोकाची कड तारेच्या ब्रशने घासली आणि अर्ध्या तासात गाडी शांत झाली. तोपर्यंत मी टायर परत करण्याच्या विचारात होतो.

कोन कोणत्या बाजूने लावावा, हेही विचारा. बहुतेक ॲलॉय रिमच्या मधल्या भोकाची आतली, हबकडची कड यंत्रावर अचूक कापलेली असते, तर बाहेरची कड शोभेचे झाकण बसण्यापुरती असते. म्हणून कोन आतून यावा आणि बाहेरून बोल्टच्या भोकांत बसणाऱ्या खुंट्यांची चकती लावून चाक दाबले जावे, ही उत्तम पद्धत. स्कोडा आणि फोक्सवॅगन गाड्यांच्या रिमचे मधले भोक ५७.१ मिलिमीटरचे असते आणि गाडीवर चाक याच भोकाने मधोमध धरले जाते. मशीनवरही ते याच भोकाने धरले गेले पाहिजे. चकती नसलेल्या दुकानातही चांगले काम होऊ शकते, पण मग अर्ध्या फेऱ्याची चाचणी वगळून चालणार नाही.

शून्याची आणखी एक गोष्ट आहे. बरीच मशीन ठराविक मर्यादेखालचा असमतोल, बहुधा ५ ग्रॅमच्या आतला, थेट शून्य म्हणून दाखवतात आणि खरा आकडा पाहण्यासाठी वेगळे बटण दाबावे लागते. साध्या कुटुंबाच्या गाडीला ही सूट पचते. बुटक्या, कडक बाजूंच्या टायरला ती पचेलच असे नाही, कारण तुमच्या टायरच्या बाजूची उंची जेमतेम १०१ मिलिमीटर आहे आणि धक्का शोषून घेणारे रबर तिथे कमी आहे. तेव्हा ते बटण दाबायला सांगा. शिवाय मशीनमध्ये रिमचे अंतर, रुंदी आणि व्यास भरलेला असतो. तुमच्या आधी आलेल्या दुसऱ्या गाडीच्या १४ इंची चाकाची मापे तशीच राहिलेली असतील, तर वजने चुकीच्या जागी चुकीच्या प्रमाणात लागतात. चिकटपट्टीची वजने स्पोकच्या मागे लावायची असतील तर त्यासाठीचा वेगळा पर्याय निवडावा लागतो. जुनी वजने काढून त्यांचा गोंद पुसला आहे ना, तेही पाहा. ओल्या किंवा तेलकट रिमवर चिकटवलेले वजन पहिल्या पावसातच निघून जाते.

बॅलन्सिंग बरोबर निघाले तर नजर टायर चढवण्याच्या कामाकडे वळवावी. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक उठावदार रेषा सर्वत्र गोल फिरलेली असते. रिमच्या काठापासून तिचे अंतर दोन्ही बाजूंनी, संपूर्ण गोलावर सारखे हवे. एखाद्या ठिकाणी ती रिममध्ये बुडालेली दिसली, तर बीड, म्हणजे तारांनी बांधलेली टायरची आतली कड, तिथे पूर्ण बसलेली नाही. असा टायर किंचित अंडाकृती फिरतो आणि वजने लावून ते दुरुस्त होत नाही. हवा सोडून, बीड सैल करून, योग्य पेस्ट लावून तो पुन्हा बसवावा लागतो. इथे दुकानात बादलीतले साबणाचे पाणी वापरतात, आणि ही सवय मला मान्य नाही. साबणाचे पाणी लवकर सुकते, रिमला गंजवते, आणि ग्रीस किंवा इंजिन ऑइल तर रबराचेच नुकसान करते. टायर बसवण्याची पेस्ट स्वस्त असते. ती असलेले दुकान निवडा. बीड बसवताना हवा ४० पीएसआयच्या पुढे नेऊ नये. तेवढ्याने ‘टक’ असा आवाज येऊन कड बसली नाही, तर जोर वाढवण्याऐवजी कारण शोधावे, कारण जास्त दाबाखाली बीडची तार तुटली तर समोर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

ओरखड्यांचे कारणही इथेच आहे. कडक बाजूचा टायर चढवताना त्याची एक कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवली, तरच समोरची कड विनासायास आत जाते. कारागिराने ती खाली दाबली नाही, तर मशीनची सगळी ताकद रिमच्या काठावर आणि बीडवर येते. काठ खरवडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे बीडच्या तारा आतून वाकतात, ज्या बाहेरून दिसत नाहीत. म्हणूनच अशा टायरसाठी दाबून धरणारा जादा हात असलेले, डोक्याला प्लॅस्टिकचे आवरण असलेले मशीन हवे, आणि रिमचा जो काठ खोलगट भागाला जवळ आहे तो वर ठेवून काम व्हावे. टामीने, म्हणजे लोखंडी पहारीने, हे काम करू देऊ नका. ज्या दोन चाकांवर ओरखडे आहेत, त्यांचे टायर एकदा उतरवून बीड बोटांनी चाचपून पाहायला सांगा. कुठे चीर किंवा मुरड लागली तर तो टायर वापरू नये, आणि भरपाई हक्काने मागावी. हे लिहिताना दुकानात काम करणाऱ्या मुलांवर राग नाही. दिवसाला किती गाड्या निघाल्या यावर ज्यांचे मोल ठरते, त्यांना सावकाशीची मुभा कोणी दिलेली नसते. ती ग्राहकाने द्यावी लागते. सकाळी पहिल्या क्रमांकाला जा, दीड-दोन तास हातात ठेवा आणि तसे आधीच सांगा.

चाक परत गाडीवर चढवतानाही चूक होते. हबचा सपाट भाग आणि रिमची मागची बाजू यांत गंजाचा पापुद्रा किंवा खडा अडकला, तर तोललेले चाक तिरके बसते. दोन्ही पृष्ठभाग ब्रशने घासून घ्यावेत. तुमच्या गाडीला नट नसून बोल्ट आहेत, तेव्हा चाक अधांतरी असताना सगळे बोल्ट हाताने पूर्ण आत घालावेत, समोरासमोरच्या क्रमाने हलके आवळावेत आणि गाडी खाली उतरवल्यावर टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, १२० न्यूटन मीटरला शेवटचे आवळावेत. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे २४ किलोचा जोर, एवढे ते असते. हवेवर चालणारी गन याच्या दुप्पट-तिप्पट आवळू शकते. त्याने बोल्ट ताणले जातात, डिस्कवर असमान ताण येतो, आणि रात्री एखाद्या घाटात पंक्चर झाले तर डिकीतल्या आखूड पान्याने चाक उघडतही नाही. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत.

एवढे सगळे नीट होऊनही थरथर राहिली, तर मात्र टायर आणि रिम यांच्या गोलाईचा विचार करावा. वजनाने समतोल असलेला टायरही एका ठिकाणी जास्त ताठ असू शकतो. तो भाग रस्त्याला टेकला की चाक किंचित उचलले जाते आणि परिणाम असमतोलासारखाच होतो. काही मोठ्या दुकानांत फिरत्या टायरवर रोलर दाबून हा ताठपणा मोजणारे मशीन असते, त्याला रोड फोर्स बॅलन्सिंग म्हणतात. ते टायरचा ताठ भाग आणि रिमचा सखल भाग एकमेकांसमोर आणायला सांगते. टायर रिमवर फिरवून बसवला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. रिम खड्ड्यात आदळून वाकलेले असेल तर तेही इथेच उघड होते, आणि गोलाईतला फरक साधारण एक मिलिमीटरच्या पुढे असेल तर कितीही वजने लावून उपयोग नाही. या टप्प्यानंतरही एखादा टायर मर्यादेबाहेर राहिला, तरच तो कंपनीकडे बदलून मागा. तेव्हा हातात मोजमापाचा कागद असेल आणि कोणी ‘बसेल हळूहळू’ म्हणू शकणार नाही.

एक गोष्ट राहिली. काम झाल्यानंतरचा पहिला दिवस जोरात पळवणे आणि करकचून ब्रेक लावणे टाळा. पेस्ट ओली असताना टायर रिमवर किंचित सरकू शकतो आणि केलेले बॅलन्सिंग वाया जाते. टायरच्या कडेवर आणि रिमवर समोरासमोर खडूची खूण करून ठेवली, तर तो सरकला की नाही ते दुसऱ्या दिवशी लगेच कळेल.

प्रश्न : मी चार टायर ऑनलाइन मागवले आणि जवळच्या दुकानात बसवून घेतले. टायरवर एक पिवळा आणि एक लाल ठिपका होता. दुकानदार म्हणाले की त्या कारखान्यातल्या खुणा आहेत, त्यांना अर्थ नाही. घरी आल्यावर पाहते तर दोन टायरवर ‘आऊटसाइड’ हा शब्द बाहेर दिसतो आणि दोनांवर ‘इनसाइड’. हे चालेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : चालणार नाही, आणि हे काम दुकानाने विनामूल्य दुरुस्त करून द्यायला हवे. तुमचे टायर असमान नक्षीचे आहेत. त्यांची बाहेरची बाजू वळणावर भार पेलण्यासाठी मोठ्या, सलग ठोकळ्यांची बनवलेली असते आणि आतल्या बाजूला पाणी काढून देणाऱ्या खाचा अधिक असतात. चारही चाकांवर ‘आऊटसाइड’ हा शब्द बाहेरच दिसला पाहिजे. सध्या पावसात तुमच्या गाडीची दोन चाके एका तऱ्हेने आणि दोन दुसऱ्या तऱ्हेने पकड घेत असणार. दुरुस्तीपर्यंत वेग आवरता ठेवा. काही टायरवर शब्दांऐवजी फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तो गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेला हवा.

ठिपक्यांना अर्थ आहे. पिवळा ठिपका टायरचा सर्वांत हलका भाग दाखवतो. रिमचा जड भाग बहुधा व्हॉल्व्हपाशी असल्याने पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर ठेवून टायर बसवला की वजने कमी लागतात. लाल ठिपका ताठपणाच्या उच्च बिंदूचा असतो; रिमवर सखल भागाची खूण असेल तर लाल ठिपका त्या खुणेसमोर ठेवावा आणि पिवळ्याचा विचार सोडावा. रिमवर अशी खूण नसेल तर पिवळा पुरे. या दोन्हींकडे दुर्लक्ष केले तरी टायर तोलता येतो, पण एकाच चाकाला ६०-७० ग्रॅम वजने लागलेली दिसली, तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला सांगणे रास्त आहे.

ऑनलाइन मागवलेल्या टायरच्या बाबतीत बसवण्याआधीच पाहायच्या गोष्टी दोन. डॉट या अक्षरांनंतरच्या मजकुराचे शेवटचे चार अंक म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. आणि मापानंतरचा आकडा व अक्षर, जसे ९१ वाय, म्हणजे प्रति टायर ६१५ किलोचा भार आणि ताशी ३०० किलोमीटरची वेगमर्यादा. यांपैकी काहीही गाडीच्या दरवाजाच्या चौकटीवरील किंवा मॅन्युअलमधील आकड्यापेक्षा कमी असेल, तर टायर रिमवर चढण्यापूर्वीच परत करा, कारण एकदा चढलेला टायर विक्रेते सहसा परत घेत नाहीत. रबरी व्हॉल्व्ह प्रत्येक नव्या टायरबरोबर नवे घ्यावेत. व्हॉल्व्हला हवेचा दाब मोजणारा सेन्सर जोडलेला असेल तर ते दुकानदाराला आधी सांगा. बीड सोडवणारी मशीनची दाब-पट्टी नेमकी तिथे टेकली तर सेन्सर फुटतो.

प्रश्न : दर पावसाळ्यात आमच्या गाडीला अचानक थरथर येते, बॅलन्सिंग केले की जाते आणि पंधरा दिवसांत परत येते. टायर वर्षभरापूर्वीचेच आहेत. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रिमच्या आतल्या बाजूला साचलेली लाल माती हे कारण बहुधा निघेल. ओली माती रिमच्या खोलगट भागात बसते, रात्री सुकते आणि एका बाजूला शंभर-दीडशे ग्रॅम वजन लावल्यासारखे होते. पुढच्या वेळी दुकानात जाण्याआधी चारही चाकांच्या आतल्या बाजूवर पाण्याचा जोराचा झोत मारून गाडी चालवून पाहा. थरथर गेली तर बॅलन्सिंगची गरजच नव्हती. मातीसकट चाक तोलले गेले असेल तर परिस्थिती उलटी होते, म्हणजे माती गळून पडल्यावर थरथर सुरू होते. तुमच्याकडे पंधरा दिवसांनी तेच घडत असावे. मशीनवर चाक चढवण्यापूर्वी ते आतून धुऊन, पुसून घ्यायला सांगा.